मदत हवी आहे: माणसांचा बुद्धिबळाचा डाव, घर किती फुटांचं आखायचं?

गुलमोहर_इंदूर:
तातडीचं आहे. कॉलनीत जिवंत बुद्धिबळ करतोय, होळकर विरुद्ध शिंदे. ३२ माणसं ठरली, पोशाख भाड्याने सांगितले, आगाऊ पैसेही दिले. काल तालीम घेतली आणि पार विचका झाला. दोन तास झाले तरी डाव संपेना, कोण कुठे उभं हे कळेना, मुलं खाली बसली, बघणारे उठून गेले. मला वाटतं घरं लहान पडली. प्रश्न एकच: घर किती फुटांचं आणि आखायचं कशाने? १७ दिवस उरलेत. "उपक्रम स्तुत्य" वगैरे नको, मुद्द्याचं सांगा.

अडीचघर:
काल किती फुटांचं होतं? जमीन कसली, गवत की सिमेंट? घोडे नुसते टोपीवाले की कमरेला लाकडी घोडा बांधलेले? दिवसा की रात्री? यातलं काहीच न सांगता फूट कसे सांगायचे?

मांडववाले_काका:
५ फूट. डोळे झाकून ५ फूट. पट ४० बाय ४०, भोवती ८ फूट मोकळी पट्टी, म्हणजे ५६ बाय ५६ जागा लागेल. मेलेली माणसं त्या पट्टीतूनच बाहेर जातात. पट्टी ठेवली नाही तर ती प्रेक्षकांच्या मांडीवर जाऊन बसतात.

आखणी: चार खुंट्या, नायलॉनची दोरी. एका कोपऱ्यातून १२ आणि १६ फूट मोजा, तिरपं बरोबर २० भरलं की काटकोन झाला. मग दोन्ही कर्ण ताणा, ५६ फूट ७ इंच यायला हवेत. दोन्ही सारखे आले नाहीत तर पट तिरका आहे, पुढे जाऊ नका. गवतावर फक्की, सिमेंटवर मास्किंग टेप. फ्लेक्स अंथरायचा मोह आवरा. दिव्यात चकाकतो, दव पडलं की घसरतो आणि कडा उचलल्या की प्यादी तोंडावर पडतात.

गुलमोहर_इंदूर:
काल ४ फूट होतं. बागेतलं गवत आहे. घोडे कमरेला बांधायचेच. वेळ संध्याकाळी साडेपाच.

अडीचघर:
साडेपाच? १७ दिवसांनी डिसेंबरचा तिसरा आठवडा. इंदुरात पावणेसहाच्या सुमाराला सूर्य मावळतो. म्हणजे तुमचा डाव अंधारात संपणार! दिवे सांगितलेत का? चारही कोपऱ्यांवर, निदान १५ फूट उंचीवर, आतल्या बाजूला वळवून लावा. एकाच बाजूने लावले तर पुढच्याची सावली मागच्या तीन घरांवर पडते.

सराफ्याचा_भुट्टा:
भिया, होळकर-शिंदे कशाला? तिखट विरुद्ध गोड करा. एकीकडे शेव, कचोरी, भुट्ट्याचा कीस, दुसरीकडे जिलेबी, मालपुवा, रबडी. राजा पोहे की राजा जिलेबी यावर अर्धं गाव जमेल.

लष्करचा_माणूस:
ग्वाल्हेरहून लिहितोय. तिखट-गोड हसण्यावारी नेऊ नका, सूचना चांगली आहे. शिंदे-होळकर लावलंत की हरणारं घराणं कोणतं यावर वाद ठरलेला. १८०१ साली उज्जैनला यशवंतराव होळकरांनी शिंद्यांच्या फौजेला हरवलं, त्याच वर्षी ऑक्टोबरात शिंद्यांच्या फौजेने इंदूर घेतलं. कोणता निकाल दाखवणार? आणि वजीर कोण?

गुलमोहर_इंदूर:
वजीर अहिल्याबाई.

लष्करचा_माणूस:
त्या १७९५ ला गेल्या. १८०१ च्या लढाईत त्या कशा?

माळव्याची_माती:
घाई नको. १७९३ ला लाखेरीला शिंद्यांनी होळकरांना हरवलं तेव्हा त्या हयात होत्या, महेश्वरला. तेव्हा काळ जुळतो, निकाल मात्र इंदूरकरांना झेपायचा नाही.

अडीचघर:
इतिहास बाजूला ठेवा, आधी हे सांगा: डाव ठरलेला आहे की दोन खेळाडू तिथल्या तिथे खेळणार?

गुलमोहर_इंदूर:
दोघं खरे खेळाडू आहेत, माइकवर चाल सांगतात. त्यात काय बिघडलं?

अडीचघर:
तिथेच तर बिघडलं. साधा डाव ४० चालींचा, दोन्ही बाजूंच्या मिळून ८० हालचाली. विचार, घोषणा, चालत जाणं धरून प्रत्येकी मिनिट-दीड मिनिट. दोन तास इथेच गेले, घराच्या मापाचा संबंध नाही. ठरलेला डाव घ्या. पॉल मॉर्फी या अमेरिकन खेळाडूचा १८५८ चा पॅरिसचा, ऑपेराच्या नाट्यगृहात खेळलेला. पांढऱ्याच्या १७, काळ्याच्या १६, मिळून ३३ हालचाली, १२ मारामाऱ्या (म्हणजे मोहरं मारणं), शेवटी हत्तीने मात. हालचालीला ३५ सेकंद आणि मारामारीला वरून ४५ धरले तरी २८-२९ मिनिटांत आटोपतं.

खरा_डावच_खरा:
ठरलेला डाव म्हणजे नाटक. बुद्धिबळाशी बेइमानी! १५ सेकंदांचं घड्याळ लावा, खरे खेळू द्या. अकबरसुद्धा फत्तेपूर सिक्रीत जिवंत सोंगट्यांनी खरा डाव खेळायचा.

माळव्याची_माती:
ती पचीसी, कवड्या टाकून खेळायचा सोंगट्यांचा खेळ. तिथल्या अंगणातला पट आजही पचीसीचाच आहे, बुद्धिबळाचा नाही. आणि जिवंत सोंगट्यांचं "असं सांगतात" एवढंच म्हणावं. इटलीतल्या मारोस्तिकात दर सम वर्षी सप्टेंबरात चौकात माणसांचा डाव होतो, तोही आधीच ठरलेला असतो. त्याला कोणी बेइमानी म्हणत नाही.

खरा_डावच_खरा:
मग १५ सेकंदांत काय अडचण आहे ते तरी सांगा.

अडीचघर:
१५ सेकंदांत खेळाडू विचार करेल, पण घोडा बांधलेला माणूस अडीच घरं चालून पोचणार नाही. शिवाय कोण कधी मरणार हे माहीत नसेल तर मारामारी बसवणार कशी?

मॉर्फीच्या डावाचा मोठा फायदा बसण्याच्या जागेचा. (घरांची नावं: उभ्या पट्ट्या पांढऱ्याच्या डावीकडून ए ते एच, आडव्या रांगा पांढऱ्याकडून १ ते ८.) १२ पैकी ४ मारामाऱ्या डी ७ या एकाच घरात, ३ बी ५ मध्ये, १ बी ८ मध्ये. म्हणजे ८ वजिराकडच्या अर्ध्या पटात. खुर्च्या पांढऱ्याच्या डाव्या हाताला, ए पट्टीच्या बाजूने मांडा. त्या कडेला शेवटपर्यंत ए २ आणि ए ७ ही दोनच प्यादी उभी राहतात, तिथे सर्वांत बुटकी मुलं द्या. खुर्च्यांची तोंडं मात्र पश्चिमेला नकोत, पहिली पंधरा मिनिटं ऊन डोळ्यांत जाईल. पट त्या हिशेबाने फिरवून आखा.

कडबोळी:
मुलांना बुद्धिबळ शिकवायला योग्य वय कोणतं? इंदुरात कुठे वर्ग आहेत का?

पडद्यामागची:
कडबोळी, वेगळा धागा काढा. गुलमोहर, पोशाखांचं कोणीच विचारलं नाही. दोन्ही बाजूंचे फेटे कोणत्या रंगाचे?

गुलमोहर_इंदूर:
दोन्हीकडे भगवे. मराठेच ना दोघं.

पडद्यामागची:
मग कळणार कसं कोण कोणाचं? काल लोक उठून गेले त्याचं अर्धं कारण हे असावं. जमिनीवरच्या खुर्चीतून पट दिसत नाही, फक्त डोकी दिसतात. म्हणून ओळख डोक्यावर आणि पाठीवर हवी. एका बाजूचे फेटे, शेले, अंगरखे सगळे पांढरे, दुसऱ्या बाजूचे गडद निळे किंवा तांबडे. आगाऊ दिला असेल तर अंगरखे तेच ठेवा, फेटे आणि शेले बदलून घ्या. प्याद्यांना साधी टोपी, राजा-वजिराला तुरा, उंटाला लांब मान वर काढलेला मुखवटा, हत्तीला पुठ्ठ्याची अंबारी. हत्तीत दोन माणसं घालू नका, ५ फुटांत वळता येत नाही. पायघोळ अंगरखा घोट्याच्या चार बोटं वर ठेवा, नाहीतर फक्कीच्या रेषा पहिल्या दहा मिनिटांत पुसल्या जातील.

आणि अहिल्याबाईंना पटावर ठेवू नका. मॉर्फीच्या डावात पांढरा वजीर १६ व्या चालीला मरतो.

माळव्याची_माती:
अहिल्याबाईंना इंदुरात भर बागेत मारणार? तंबू पेटेल.

सराफ्याचा_भुट्टा:
म्हणूनच म्हणतो, रबडी. रबडी संपली तर कोणी दंगा करत नाही.

गुलमोहर_इंदूर:
हे कोणी आधी का नाही सांगितलं? बरं, बाई सूत्रधार. बाजूला छोट्या मंचावर बसतील आणि चाली सांगतील. शिंदे-होळकर रद्द, नुसता पांढरा आणि तांबडा. मुलांना चाली पाठ कशा करून घेऊ? १८ मुलं आहेत, ८ ते १४ वयाची.

अडीचघर:
पाठ करून घेऊ नका. प्रत्येकाच्या मनगटाला चिठ्ठी. राजाकडच्या पांढऱ्या उंटाची चिठ्ठी अशी: ६ सी ४, ११ बी ५ (प्यादं मारतो), १५ डी ७ (हत्ती मारतो), तिथेच मरतो. बस. सूत्रधार चालीचा आकडा आधी उच्चारेल, मग घर. पटाच्या चारही कडांना आकडे आणि अक्षरं हातभर मोठी लावा.

आधी दोन तालमी फरशीवर, एक फरशी म्हणजे एक घर, बाटल्यांची झाकणं सरकवून. मग खऱ्या मापावर दोन, त्यातली एक पूर्ण पोशाखात. मारणारा घराच्या रेषेवर थांबतो, मरणारा जवळच्या कडेने निघतो, मग मारणारा आत येतो. दांडपट्टा फिरवायचाच असेल तर बाहेरच्या पट्टीत, ५ फुटांच्या घरात नाही. घोडा रेषेवरून चालतो, कोणाच्या घरातून नाही. १२ व्या चालीला पांढऱ्याचा किल्लेकोट आहे, म्हणजे राजा आणि हत्ती एकाच चालीत हलतात. राजा आधी सी १ ला जातो, मग हत्ती पटाच्या मागून वळसा घालून डी १ ला येतो. समोरून आला तर दोघं एकमेकांवर आदळतात.

मांडववाले_काका:
आणि दोन्ही बाजूंच्या उजव्या हाताच्या कोपऱ्यात पांढरं घर! आखून झाल्यावर कोणीतरी नक्की चुकतं आणि मग राजा-वजीर उलटे उभे राहतात. भोंग्याची परवानगी पोलीस ठाण्यातून आधीच काढा, रात्री १० ला माइक बंद.

गुलमोहर_इंदूर:
एक उरलं. या डावात न हलणारी प्यादी किती? ती मुलं कंटाळणार.

अडीचघर:
१३ मोहरी एकदाही हलत नाहीत. पांढरी सहा प्यादी: ए, बी, सी, एफ, जी, एच. काळ्याकडची, म्हणजे तुमच्या तांबड्याकडची, ए, एफ, जी, एच ही चार, एक उंट, एक हत्ती आणि स्वतः राजा. त्यांना ढोल, झेंडे, घोषणा द्या. प्रत्येक मारामारीला त्यांनी ओरडायचं. सगळ्यांत लहान मुलं हलणाऱ्या जागी ठेवा, मोठी न हलणाऱ्या. साधारण लोक उलटं करतात. अपवाद ए २ आणि ए ७, तिथे बुटकीच हवीत.

गुलमोहर_इंदूर:
काळा राजा हलत नाही? मग तिथे आमचे अध्यक्ष बसतील, वय ७८. खुर्ची दिली तर चालेल ना?

पडद्यामागची:
चालेल. खुर्ची बिनहाताची द्या, आणि १७ व्या चालीला डी ८ वर हत्ती आला की त्यांनी उठून पगडी काढायची, एवढीच तालीम त्यांच्याकडून दोनदा करून घ्या.

कडबोळी:
वर्गाचं कोणी सांगितलंच नाही.