विस्कॉन्सिन २०१८: सलग तीनदा जिंकलेले वॉकर हरले कसे?

प्रश्न
अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याचे रिपब्लिकन गव्हर्नर स्कॉट वॉकर २०१०, २०१२ आणि २०१४ असे चार वर्षांत तीनदा जिंकले. त्यांपैकी २०१२ ची निवडणूक तर त्यांना मुदतीआधीच पदावरून परत बोलावण्यासाठी लादली गेली होती. तरीही बेरोजगारी अत्यल्प असताना, २०१८ मध्ये तिसरा कार्यकाल मागताना ते डेमोक्रॅट टोनी एव्हर्स यांच्याकडून हरले. कारण काय असावे, आणि एवढ्या निसटत्या पराभवानंतर त्यांनी फेरमोजणी का मागितली नाही?

प्रतिसाद १
फेरमोजणीचे उत्तर सोपे आहे. २०१६ च्या अध्यक्षीय निवडणुकीत जेमतेम एक टक्का मते मिळालेल्या ग्रीन पार्टीच्या जिल स्टाइन यांनी तेथे राज्यभर फेरमोजणी करायला लावली, तेव्हा फरक एक टक्क्याच्या आत असेल तरच ती मागता येईल असा कायदा झाला आणि त्यावर सही वॉकर यांचीच होती. ते २९,२२७ मतांनी, म्हणजे सुमारे १.१ टक्क्याने हरले. करावे तसे भरावे, दुसरे काय!

प्रतिसाद २
माझ्या मते मूळ २०११ च्या ‘ॲक्ट १०’ मध्ये आहे. त्या कायद्याने शिक्षकांसह बहुतेक सरकारी कर्मचाऱ्यांचा संघटनेमार्फत सामूहिक वाटाघाटी करण्याचा अधिकार जवळपास संपवला, आणि समोर उभे राहिले ते राज्याच्या शालेय शिक्षणाचे निर्वाचित प्रमुख एव्हर्स. त्यामुळे वॉकर स्वतःला शिक्षणाचे कैवारी म्हणवू लागले, तेव्हा ते फारसे कोणाला पटले नसावे. त्यात तैवानच्या फॉक्सकॉन या इलेक्ट्रॉनिक्स कंपनीला देऊ केलेल्या सुमारे तीन अब्ज डॉलरच्या सवलती आणि रस्त्यांची दुरवस्था. विरोधकांनी खड्ड्यांना (पॉटहोल) चक्क ‘स्कॉटहोल’ असे नाव दिले होते. खड्ड्यांचे राजकारण आपल्याला वेगळे समजावून सांगायला नको.

प्रतिसाद ३
हे मुद्दे मान्य असले तरी ते ट्रम्प यांच्या पहिल्या कार्यकालाच्या मध्यावर येणाऱ्या निवडणुकांचे वर्ष होते, हे विसरता येणार नाही. राजधानी मॅडिसन आणि परिसरातील डेन काउंटीत एव्हर्स यांना जी प्रचंड आघाडी मिळाली, तिच्यामागे वॉशिंग्टनवरचा रागही होता. पराभवानंतर डिसेंबरमध्ये वॉकर यांनी येणाऱ्या गव्हर्नरचे अधिकार छाटणाऱ्या विधेयकांवर सह्या केल्या, हे मला निकालापेक्षाही अधिक खटकते. विस्कॉन्सिनमध्ये गव्हर्नरच्या कार्यकालांवर मर्यादा नाही, तरीही २०२२ मध्ये पुन्हा निवडून आलेल्या एव्हर्स यांनी २०२५ मध्ये तिसऱ्यांदा उभे न राहण्याचे जाहीर केले.