मदत हवी आहे : कासदाहाच्या दुधातील एक्सोसोम मॅक्रोफेजना चेतवतात, की त्यांच्यासोबत आलेले दुसरेच काही?

नमस्कार. मी पशुवैद्यकीय सूक्ष्मजीवशास्त्राचा पदव्युत्तर विद्यार्थी असून गायीच्या दुधातील एक्सोसोमचा (पेशींनी बाहेर सोडलेल्या अतिसूक्ष्म पिशव्यांचा) मॅक्रोफेज पेशींवर (जंतू गिळणाऱ्या रोगप्रतिकारक पेशींवर) काय परिणाम होतो, हा माझ्या प्रबंधाचा विषय आहे. दोन फेऱ्यांचे निकाल एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून या कामात हात घातलेल्यांचा सल्ला हवा आहे.

नमुने संकरित गायींचे आहेत. चारही सडांची धार पॅडलच्या चार वाट्यांत वेगवेगळी घेऊन सीएमटी (कॅलिफोर्निया मस्टायटिस टेस्ट, कासदाह ओळखण्याची गोठ्यातली चाचणी) केली. एका गायीच्या उजव्या मागच्या सडाचे दूध डोळ्यांना अगदी चांगले दिसत होते. पण जांभळट द्रावण मिसळून पॅडल फिरवताच ते वाटीच्या मध्यभागी जेलीसारखे गोळा झाले. गोठ्याचे मालक मात्र 'दगडी (कासदाह) असती तर गाठी दिसल्या असत्या' यावर ठाम होते. अशा सुप्त कासदाहाच्या सडांतून स्टॅफिलोकोकस ऑरियस वाढला. सोमॅटिक सेल काउंट (दुधातील पेशींची संख्या) मिलिलिटरला २ लाखांच्या आत असलेली, जंतू न वाढलेली त्याच गायींची सडे तुलनेसाठी घेतली.

पहिल्या फेरीत अल्ट्रासेंट्रिफ्यूजची (अतिवेगाने फिरवून सूक्ष्म कण तळाशी बसवणाऱ्या यंत्राची) पाळी वेळेवर मिळाली नाही आणि मी दूध साय व पेशी न काढता तसेच गोठवून ठेवले. त्या दुधातून मिळालेल्या पिशव्या गायीच्या रक्तातील मोनोसाइटपासून तयार केलेल्या मॅक्रोफेजना दिल्या, तेव्हा निरोगी सडाच्या पिशव्यांनी एलपीएसमुळे (ग्रॅम-निगेटिव्ह जंतूंच्या आवरणातील, पेशींना चेतवणाऱ्या घटकामुळे) वाढणारा टीएनएफ-अल्फा (दाह वाढवणारे प्रथिन) कमी केला, तर कासदाहाच्या पिशव्यांनी एलपीएस न देताही तो वाढवला. निकाल इतका सुबक होता की मार्गदर्शकांनीच शंका घेतली. दुसऱ्या फेरीत दूध बर्फात आणून त्याच दिवशी पेशी व साय काढली आणि मगच ते गोठवले. आता निरोगी सडाचा परिणाम टिकला, पण कासदाहाच्या पिशव्यांचा चेतवणारा परिणाम बराच ओसरला.

माझा अंदाज असा आहे की पहिल्या वेळी गोठण्यात फुटलेल्या पेशींचे तुकडे मी एक्सोसोम म्हणून मोजले. सुजलेल्या सडाच्या दुधात पेशींपैकी ९० टक्क्यांच्या पुढे न्यूट्रोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी) असू शकतात, त्यामुळे हा कचरा निरोगी दुधात थोडा आणि कासदाहाच्या दुधात अतोनात असणार. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात याच जंतूच्या संसर्गानंतर गायीच्या दुधातील एक्सोसोममध्ये मिर-२२३ आणि मिर-१४२-५पी (जनुकांचे काम नियंत्रित करणारे छोटे मायक्रोआरएनए) वाढलेले आढळले होते आणि माझ्याकडेही मिर-२२३ वाढलेला दिसतो. पण मिर-२२३ मुळातच न्यूट्रोफिलमध्ये भरपूर असतो. मग ही वाढ म्हणजे कासेच्या अस्तरपेशींनी मॅक्रोफेजना धाडलेला निरोप, की दुधात उतरलेल्या न्यूट्रोफिलांची केवळ हजेरी, हे कसे ओळखावे?

दुसरी अडचण केसिनची, म्हणजे दुधातील मुख्य प्रथिनाची आहे. एक्सोसोम साधारण ३० ते १५० नॅनोमीटरचे आणि केसिनचे मायसेल (गोळे) ५० ते ५०० नॅनोमीटरचे, त्यामुळे कण मोजणारे यंत्र दोघांत भेद करत नाही. हे मायसेल सुटे करण्यासाठी सोडियम सायट्रेट घातल्यावर साय काढलेले पांढरे दूध पिवळसर-हिरवट आणि पारदर्शकतेकडे झुकलेले होते, तरीही १,००,००० जी वेगानंतर नळीच्या तळाशी चिकटलेला दाट, जेलीसारखा थर उरतोच. मी मात्रा प्रथिनांच्या वजनावर ठरवली आहे, म्हणजे ज्या नमुन्यात केसिन जास्त, त्यात प्रत्यक्ष पिशव्या कमी गेल्या असणार. आम्लाने केसिन साकळवावे, तर पिशव्यांच्या पृष्ठभागावरील प्रथिनांना धक्का बसण्याची भीती आहे, आणि मॅक्रोफेजशी गाठ तर त्याच प्रथिनांची पडते.

तिसरी बाब जंतूंची. स्टॅफिलोकोकस ऑरियस स्वतःही पिशव्या सोडतो आणि त्या याच आकाराच्या असतात. एलपीएसची शंका त्याला निष्प्रभ करणारे पॉलिमिक्सिन बी घालून तपासता येईल, पण ते ग्रॅम-पॉझिटिव्ह जंतूच्या लिपोप्रोटीनला लागू पडणार नाही. तेथे टीएलआर-२ (ही लिपोप्रोटीन ओळखणारा मॅक्रोफेजवरील ग्राहक) रोखणारे प्रतिपिंड वापरावे का? शिवाय पेशी वाढवण्याच्या माझ्या माध्यमातील वासराचे सीरम हेही गायीच्याच जातीचे, म्हणून त्यातील एक्सोसोम वेगळे ओळखता येत नाहीत. ते रात्रभर फिरवून काढले आहेत, पण पूर्ण निघाले असे म्हणवत नाही.

साइज एक्सक्लूजन स्तंभ (कण आकारानुसार वेगळे करणारी नळी) विकत घेण्याइतका निधी एकदाच मिळणार आहे. तो सायट्रेटनंतर थेट वापरावा की अल्ट्रासेंट्रिफ्यूजनंतर, आणि मात्रा कणसंख्येवर ठरवताना सीडी६३ व टीएसजी१०१ (एक्सोसोमची ओळख पटवणारी प्रथिने) यांच्या ब्लॉटचा, म्हणजे प्रथिन ओळखण्याच्या चाचणीचा आधार पुरेसा मानला जातो का, हे कृपया सांगावे. पहिल्या फेरीतील गोठवलेल्या दुधाच्या काही कुप्या अजून शिल्लक आहेत. त्यांतून फुटलेल्या पेशींचा वाटा वेगळा मोजण्याची युक्ती कोणाला ठाऊक असेल, तर त्या फेकून देण्याआधी मी ती करून पाहीन.