स्क्रिप्टमधल्या चुका एडिटरनं दाखवाव्यात की नकोत?

उद्यमनगरकर
ऑफिसात नवीन पोरगं आलं की पहिल्याच दिवशी त्याच्या व्हीएस कोड या एडिटरमध्ये शेलचेक (स्क्रिप्टमधल्या चुकांखाली रेघ ओढणारं साधन) घालून द्यावं, असं माझं मत. नुसता व्हीएस कोड बॅशला, म्हणजे लिनक्सच्या आज्ञांच्या स्क्रिप्टला, रंग देतो, चुका सांगत नाही. त्यासाठी शेलचेक जोडावंच लागतं. आमचे सीनियर म्हणतात, लाल रेघांची सवय लागली की पोरं डोकं वापरत नाहीत.

सी किंवा जावा लिहिताना कंपायलर दारातच अडवतो. बॅश फाईल वाचत वाचत चालवत सुटतो. शेवटच्या 'इफ'चा 'फाय' (तो बंद करणारा शब्द) राहिला तर बोंब शेवटी होते, तोवर वरच्या ओळींनी जुना बॅकअप पुसलेला असतो. मग ती चूक लिहितानाच दिसली तर कुणाचं काय बिघडलं?

रांगडा_रूट
बिघडतं भावा. शिरोलीच्या एका फाउंड्रीत आमचा सर्व्हर आहे. तिथं रात्री लॉगिन केलं की समोर फक्त व्हीआय, साधा जुना एडिटर. ना प्लगइन, ना रेघा. ज्याला रेघ बघूनच चूक कळते, तो तिथं काय करणार?

आणि 'फाय'च शोधायचा असेल तर बॅशला एन (-n) पर्याय द्या. स्क्रिप्ट न चालवता व्याकरण तपासून मिळतं. त्याला एवढा लवाजमा कशाला?

उद्यमनगरकर
एन व्याकरणाच्या पुढं जात नाही. फाईलचं नाव 'शिरोळ गट.सीएसव्ही' आहे आणि स्क्रिप्टात आरएम या फाईल पुसणाऱ्या आज्ञेपुढं ते नाव धरून ठेवणारं व्हेरिएबल अवतरणचिन्हांशिवाय लिहिलंय. बॅश त्या नावाचे दोन तुकडे करणार, 'शिरोळ' आणि 'गट.सीएसव्ही'. शेजारी 'गट.सीएसव्ही' नावाची वेगळी फाईल असली तर गेली बिचारी! जी पुसायची होती ती जागच्या जागी. एन यावर गप्प बसतो, शेलचेक एससी२०८६ या क्रमांकाची सूचना देऊन तिथंच रेघ ओढतं.

ताराराणी_चौक
विंडोजवर लिहून लिनक्सवर टाकलेल्या स्क्रिप्टचं कुणीच बोलेना. चालवताना 'बॅड इंटरप्रिटर' असा एरर येतो आणि फाईल उघडली तर सगळं बरोबर दिसतं. दोष ओळीच्या शेवटी लपलेल्या कॅरेज रिटर्न या अदृश्य चिन्हाचा. व्हीएस कोडमध्ये खाली उजवीकडं सीआरएलएफ (विंडोजची ओळ संपवायची पद्धत) लिहिलेलं असतं, त्यावर क्लिक करून एलएफ (लिनक्सची पद्धत) करा. हे नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, रूटसाहेब.

रांगडा_रूट
हे मान्य. पण एससी२०८६चंच ऐका. एका ज्युनियरनं रेघ दिसली की क्विक फिक्स (एका क्लिकवर आपोआप दुरुस्ती), असं करत सगळीकडं अवतरणं घातली. आरसिंक या फाईली कॉपी करणाऱ्या आज्ञेचे चार पर्याय एका व्हेरिएबलमध्ये होते, त्यालाही घातली. चार पर्यायांचा एकच सलग शब्द झाला आणि आरसिंकनं ओळखच दाखवली नाही. तिथं तुकडे पडायलाच हवे होते. रेघ गेली, स्क्रिप्टही गेली. हे मशीन सुचवतंय म्हणून मुंडी हलवणं झालं.

उद्यमनगरकर
त्यात शेलचेकचा काय दोष? पर्याय ॲरेमध्ये (वेगवेगळ्या मूल्यांच्या यादीत) ठेवायचे, मग अवतरणं घालूनही वेगवेगळे जातात. रेघेखालचा क्रमांक उघडून वाचला असता तर कळलं असतं.

ताराराणी_चौक
वाचतंय कोण, मर्दा! पिवळ्या, नुसत्या इशाऱ्याच्या रेघा पन्नास झाल्या की एकावन्नावी लालसुद्धा दिसत नाही. दुसऱ्या फाईलमधून सोर्स केलेलं, म्हणजे ओढून घेतलेलं व्हेरिएबल शेलचेकला सापडलं नाही की तेही पिवळं. सुरुवातीला फक्त 'एरर' पातळी, म्हणजे लाल रेघा ठेवा, बाकी नंतर उघडा.

उद्यमनगरकर
नाही पटत. एससी२०८६ला शेलचेक 'इन्फो', म्हणजे एररच्या खालची पातळी देतं. फक्त एरर ठेवलं तर शिरोळ गटाची ती चूक गाळणीतून सुटणार.

रांगडा_रूट
बरं, एक तडजोड. रेघा चालू ठेवा, क्विक फिक्स नको. आणि एखादी सूचना मुद्दाम बंद केली तर त्या ओळीवरच्या कमेंटमध्ये कारण लिहायचं. कारण नसेल तर मी रिव्ह्यूमध्ये परत पाठवणार. व्हीआयची परीक्षा मात्र घेणारच.