1968 ची जावा 250 पुन्हा रस्त्यावर आणायची आहे : पेट्रोल आणि सुट्या भागांविषयी मार्गदर्शन हवे

साताराकर

नमस्कार. आमच्या घरी म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात तयार झालेली 1968 सालची जावा 250 आहे. वडिलांनी ती नोकरीच्या काळात रोज वापरली. त्यानंतर बरीच वर्षे ती पडवीत झाकून ठेवलेली आहे. टाकीच्या बाजूंचे क्रोम पुसट झाले असले तरी शाबूत आहे, जिकोव्ह कंपनीचा कार्बुरेटर मूळचाच आहे आणि किक मारली की इंजिन फिरते. मला ती प्रदर्शनासाठी सजवायची नाही, तर महिन्यातून दोन-तीन वेळा सज्जनगडापर्यंत निर्धास्तपणे जाऊन येता येईल इतकी भरवशाची करायची आहे.

माझी मुख्य शंका पेट्रोलविषयी आहे. आता पंपावर 20 टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते आणि ही गाडी त्यासाठी बनलेली नाही. एका परिचितांनी जुन्या काळच्या शिसेयुक्त पेट्रोलला पर्याय म्हणून वेगळे रसायन टाकण्यास सांगितले, तर दुसऱ्यांनी 100 ऑक्टेनचे पेट्रोल वापरण्यास सुचवले. यांपैकी कोणाचे ऐकावे? तसेच ऑइल सील, पिस्टन, कार्बुरेटरचे भाग कोठे शोधावेत, की सरळ चेक प्रजासत्ताकातून मागवावेत?

टू-स्ट्रोक, पुणे

शिशाची काळजी आपण सोडून द्यावी. शिसे ऑक्टेन वाढवण्यासाठी घालत असत, आणि त्याच्या थरामुळे फोर-स्ट्रोक इंजिनातील व्हॉल्व्हच्या बैठका झिजत नसत. आपली गाडी टू-स्ट्रोक आहे; तिच्या सिलिंडरला पोर्ट (भिंतीतली छिद्रे) आहेत, व्हॉल्व्ह नाहीत. त्यामुळे ते रसायन विकत घेण्याचे काहीच कारण नाही. या इंजिनाचे कॉम्प्रेशनही कमी असल्यामुळे केवळ ऑक्टेन जास्त आहे म्हणून महाग पेट्रोल भरल्याने ते अधिक चांगले चालणार नाही.

इथेनॉलचा प्रश्न मात्र खरा आहे. जुन्या रबराच्या नळ्या आणि पेट्रोल कॉकमधील बुचाची किंवा रबराची पॅकिंग त्याने फुगतात किंवा ठिसूळ होतात, हे बहुतेकांना ठाऊक असते. त्याहून कमी बोलली जाणारी गोष्ट अशी की, इथेनॉलच्या वजनाचा सुमारे 35 टक्के भाग ऑक्सिजनचा असतो, त्यामुळे जुन्या जेटवर (कार्बुरेटरमधून पेट्रोल सोडणाऱ्या बारीक छिद्रावर) मिश्रण पातळ होते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते, इंजिन अधिक तापते आणि लांब चढावर पिस्टन जाम होण्याचा धोका वाढतो. जेटिंग इथेनॉलविरहित पेट्रोलच्या काळातले असेल, तर मेन जेट एक माप मोठा घ्यावा किंवा निदान सुईची क्लिप एक खाच खाली बसवावी, म्हणजे सुई वर उचलली जाते व पेट्रोल जास्त येते. प्लग कॉफीच्या रंगाचा दिसला पाहिजे. पांढरट दिसत असेल तर गाडी तशीच दामटू नये.

मला सर्वांत जास्त भीती पाण्याची वाटते. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते, आणि पाणी एका मर्यादेपलीकडे गेले की इथेनॉल व पाणी एकत्र होऊन पेट्रोलपासून वेगळे होतात व टाकीच्या तळाशी बसतात. टू-स्ट्रोक गाडीत याचा परिणाम दुहेरी असतो, कारण आपण घातलेले ऑइल वरच्या पेट्रोलमध्येच राहते आणि कॉकमधून आधी उतरतो तो तळाचा थर, ज्यात वंगण जवळजवळ नसते. पावसाळाभर भरलेली टाकी घेऊन दसऱ्याला किक मारणाऱ्यांच्या गाड्या अशानेच बिघडतात. म्हणून थोडेच पेट्रोल भरावे, ते दोन-तीन आठवड्यांत संपवावे आणि गाडी उभी करताना कॉक बंद करून कार्बुरेटरमधील पेट्रोल संपू द्यावे. जिकोव्हचे शरीर जस्ताच्या मिश्रधातूचे असते; त्यात ओलसर पेट्रोल साचून राहिले की पांढरी भुकटी धरते आणि बारीक मार्ग बुजतात.

पेट्रोलमध्ये इथेनॉल किती आहे, हे घरीही पाहता येते. शंभर मिलिलिटरच्या मोजपात्रात 10 मिलिलिटर पाणी व 90 मिलिलिटर पेट्रोल घालून हलवावे आणि स्थिर होऊ द्यावे. 20 टक्के इथेनॉल असेल तर खालचा थर 10 वरून साधारण 28 पर्यंत चढतो. इथेनॉल नसेल तर तो 10 वरच राहतो. हे काम उघड्यावर, आगीपासून दूर करावे. ऑइल न घातलेले पेट्रोलच तपासावे. या पद्धतीने इथेनॉल धुऊन काढून तेच पेट्रोल वापरण्याचा सल्लाही काही जण देतात. तो कृपया मानू नये. त्यात आगीचा धोका आहे आणि उरलेल्या पेट्रोलचा दर्जा काय, हे कळत नाही.

पेट्रोलमधील ऑइलचे प्रमाण 1:25, म्हणजे लिटरला 40 मिलिलिटर ठेवावे. नवा पिस्टन बसवल्यास सुरुवातीला 50 मिलिलिटर.

नाना पेठ

सुट्या भागांविषयी लिहितो. पहिली गोष्ट म्हणजे 2018 पासून विकल्या जाणाऱ्या नव्या जावाच्या शोरूममध्ये आपल्याला काही मिळणार नाही. ते फोर-स्ट्रोक, पाण्याने थंड होणारे इंजिन आहे आणि आपल्या गाडीशी त्याचे नाव तेवढे जुळते. म्हैसूरचा कारखाना 1996 मध्ये बंद झाला. त्यामुळे आज बाजारात दिसणारे भाग म्हणजे एकतर जुना शिल्लक माल, नाहीतर लहान कारखान्यांनी केलेल्या नकला. पुण्यात नाना पेठेतील दुकाने आणि बुधवारी व रविवारी भरणारा जुना बाजार, दिल्लीत करोल बाग, ही शोध घेण्याची नेहमीची ठिकाणे आहेत. विक्रेते ‘ए टाइप’ आणि ‘बी टाइप’ (जावाच्या दोन आवृत्त्या) असे बोलतात. आपला जुना भाग सोबत नेल्याशिवाय आणि तिथेच व्हर्नियर लावून मोजल्याशिवाय पैसे देऊ नयेत. त्याच कारखान्याच्या नंतरच्या येझदीचा म्हणून मिळणारा प्रत्येक भाग जावाला बसतोच असे नाही.

बेअरिंग आणि ऑइल सील मात्र जावाच्या नावाने शोधूच नयेत. बेअरिंगच्या कड्यावर क्रमांक कोरलेला असतो. तो चांगल्या बेअरिंगच्या दुकानात दाखवून नामांकित कंपनीचे, क्रँकसाठी सी-3 सैलपणाचे (आतून नेहमीपेक्षा किंचित सैल) बेअरिंग मागावे. सीलची आतील माप, बाहेरील माप आणि जाडी ही तीन मापे सांगितली की काम होते, आणि तिथे इथेनॉलला टिकणारे व्हायटॉनचे (एक कृत्रिम रबर) सील मागता येते.

इतकी वर्षे उभ्या असलेल्या गाडीचे क्रँक सील कडक झालेले असतात, म्हणून खर्चाची सुरुवात तिथून करावी, क्रोमपासून नव्हे. प्रायमरी चेनच्या (इंजिनाकडून क्लचकडे जाणाऱ्या) बाजूचे सील गेले की इंजिन गिअरबॉक्सचे ऑइल ओढते, सायलेन्सरमधून दाट धूर येतो आणि गिअर ऑइलची पातळी उतरत जाते. दुसऱ्या बाजूचे गेले तर बाहेरची हवा आत येते आणि मिश्रण पुन्हा पातळ होते. मग जेट कितीही बदलले तरी गाडी ताळ्यावर येत नाही.

कोकणवासी

टू-स्ट्रोक यांचे बाकी सर्व पटले. परंतु थोडेच पेट्रोल ठेवलेल्या टाकीला आमच्याकडच्या हवेत आतून गंज चढतो. पूर्वी आम्ही टाकी काठोकाठ भरून ठेवत असू.

टू-स्ट्रोक, पुणे

आपला अनुभव इथेनॉल नसलेल्या पेट्रोलच्या काळात अगदी योग्य होता. आता पावसाळ्यापूर्वी टाकी पूर्ण रिकामी व कोरडी करून आत थोडे टू-टी (टू-स्ट्रोकचे) ऑइल फिरवावे आणि झाकण घट्ट लावावे, हे मला अधिक सुरक्षित वाटते. आतून इपॉक्सीचा लेप देणार असाल तर तो इथेनॉलला टिकणारा आहे याची आधी खात्री करावी, कारण जुन्या प्रकारचे लेप सुटतात आणि त्यांचे पापुद्रे कॉकमध्ये अडकतात.

साताराकर

दोघांचेही मनापासून आभार. आधी सील आणि कार्बुरेटर हाती घेतो. चेक प्रजासत्ताकाविषयी कोणी सांगू शकेल का?

नाना पेठ

आपले मॉडेल मूळचे तिकडचेच, 353 मालिकेतले, असल्यामुळे तिथे अजून नवे भाग तयार होतात. टपालखर्च आणि सीमाशुल्क धरून हिशोब करावा. सायलेन्सर किंवा मडगार्डसारख्या मोठ्या वस्तूंना तो परवडत नाही. कार्बुरेटरची सुई, जेट, पॉइंट, पॅकिंगचा संच अशा लहान गोष्टी एकत्र मागवल्यास परवडतो. सिलिंडर मात्र आधी इथेच लेथवाल्याकडून मोजून घ्यावा. यापूर्वी तो किती वेळा बोअर (आतून कापून मोठा) झाला आहे हे कळेपर्यंत पिस्टन कोठूनही मागवू नये.

आणखी एक. आपली गाडी 50 वर्षांहून जुनी असल्यामुळे कोणी विंटेज नोंदणीचा सल्ला देईल. 2021 च्या नियमांनुसार अशी नोंदणी घेतलेली गाडी नेहमीच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. आपल्याला सज्जनगडाला जायचे आहे, तेव्हा साध्या नोंदणीचेच नूतनीकरण करून घ्यावे.