रोज रात्री ९ ला नेट बसतंय, कोणीतरी अटॅक करतंय का?

कोरेगावकर_नेट
नमस्कार मंडळी. तालुक्याच्या गावात छोटं ब्रॉडबँड चालवतो, साधारण ११०० कनेक्शन आहेत, वरून १ जीबीपीएसची लाइन आणि मेन राउटर मायक्रोटिक कंपनीचा. गेले आठ दिवस रात्री नऊ वाजले की फोन सुरू, "दादा नेट गेलं". पिंग टाकला तर ४००-५०० एमएस, मधेच टाइमआउट, राउटरचा सीपीयू १०० टक्के आणि विनबॉक्स (राउटरची सेटिंग बघायचं सॉफ्टवेअर) पण धड उघडत नाही. साडेअकरानंतर आपोआप सुरळीत. वरच्या प्रोव्हायडरला विचारलं तर म्हणे आमच्याकडून सगळं ओके आहे. पलीकडच्या पेठेत नवीन ऑपरेटर आलाय त्याच्यावर माझा संशय आहे, डीडॉस का काय म्हणतात ते, म्हणजे खूप मशीनमधून एकदम ट्रॅफिक मारून नेट पाडणं, करत असेल का? कसं ओळखायचं? सायबरला जाऊ का?

रॅकवाला
पोलिसात नंतर जा, आधी ग्राफ बघ. नऊ वाजता वॅन पोर्टवर (वरून लाइन येते तो) आरएक्स (येणारा डेटा) किती आणि टीएक्स (जाणारा) किती ते आकडे टाक. तुझ्यावर हल्ला होत असेल तर आरएक्स फुल्ल दिसेल. आणि पेठेतल्या माणसाचं नाव घेऊ नकोस, बहुतेक वेळा तो बिचारा स्वतःच केबल तुटली म्हणून खांबावर चढलेला असतो.

कोरेगावकर_नेट
आत्ताच बघितलं. आरएक्स ६८० एमबी, म्हणजे रोजच्यासारखाच. पण टीएक्स ५६०!! एरवी अपलोड ८०-९० च्या वर जात नाही. कोण एवढं अपलोड करतंय?

रॅकवाला
तूच करतोयस भावा 😄 टॉर्च (कुठला ट्रॅफिक कुठे चाललाय ते दाखवणारं मायक्रोटिकचं टूल) लाव वॅनवर, पोर्ट आणि प्रोटोकॉलची टिक मारून. यूडीपी ५३, म्हणजे डीएनएसचा (साइटच्या नावावरून आयपी शोधून देतो तो) पोर्ट, दिसतोय का सांग, आणि आयपी > डीएनएस मध्ये "अलाउ रिमोट रिक्वेस्ट्स" ला टिक आहे का?

कोरेगावकर_नेट
टिक आहे, ती तर लागतेच ना, ग्राहकांना डीएनएस राउटरचाच दिलाय. आणि हो, सगळं ५३ च, माझ्याच आयपीवरून बाहेरच्या दोन-तीन आयपींना धो धो चाललंय.

रॅकवाला
मग निदान झालं. टिक ठीक आहे पण बाहेरच्या जगासाठी दार उघडं राहिलंय, म्हणजे तुझा राउटर ओपन रिझॉल्व्हर, म्हणजे जगात कोणाच्याही डीएनएस प्रश्नाला उत्तर देणारा, झालाय. होतं असं की हल्ला करणारा, ज्याला पाडायचंय त्याचा आयपी खोटा लावून तुला ६०-७० बाइटचा प्रश्न विचारतो आणि तू इमानदारीत तीन-चार हजार बाइटचं उत्तर त्या तिसऱ्याच माणसाच्या डोक्यात घालतोस. असे हजारो राउटर एकदम बोलायला लागले की समोरचा आडवा. २०१३ च्या मार्चमध्ये स्पॅमहाउसवर (स्पॅमवाल्यांची यादी ठेवणारी संस्था) ३०० जीबीपीएसचा मारा झाला तो याच पद्धतीने. दिवसा पण हे थोडंफार चालूच असणार तुझ्याकडे, फक्त सीपीयूला जागा होती म्हणून कळलं नाही, रात्री गावातली पोरं ऑनलाइन आली की दोन्हीचं ओझं एकदम येतं.

टिक काढू नकोस, सगळ्यांचं नेट "गेलं" म्हणून फोन येतील. फायरवॉलमध्ये इनपुट चेन (खुद्द राउटरकडे येणारा ट्रॅफिक), इन इंटरफेस वॅन, यूडीपी ५३ ड्रॉप, तसाच दुसरा रूल टीसीपी ५३ ला, आणि दोन्ही वर ओढून ठेव, अ‍ॅक्सेप्टच्या खाली राहिले तर काही उपयोग नाही. लांबून करत असशील तर आधी सेफ मोड दाब (कनेक्शन तुटलं तर बदल आपोआप मागे घेतो). मी एकदा न दाबता रूल टाकला आणि स्वतःलाच बाहेर काढून बसलो, मग रात्री दीडला टॉवरवर, पावसात.

मावळतीचा_सूर्य
रॅकवाल्यांशी सहमत, एक भर घालतो. दार उघडं होतं म्हणजे ८२९१ (विनबॉक्सचा पोर्ट) पण उघडा असणार. मायक्रोटिकमध्ये २०१८ ला विनबॉक्सचं भोक सापडलं होतं, पॅच लगेच आला, पण लोकांनी अपग्रेड करून पासवर्ड तोच ठेवला आणि पासवर्ड तर आधीच चोरीला गेले होते. त्याच राउटरांचं पुढे मेरिस बॉटनेट (हॅक केलेल्या मशीनची फौज) झालं, २०२१ च्या सप्टेंबरमध्ये यांडेक्स या रशियन सर्च कंपनीवर सेकंदाला २ कोटी १८ लाख रिक्वेस्ट. तेव्हा सिस्टीम > शेड्युलर आणि स्क्रिप्ट्स उघडून बघा ओळखीचं नसलेलं काही आहे का, सॉक्स (दुसऱ्याचा ट्रॅफिक तुमच्या राउटरमधून फिरवणारी प्रॉक्सी) चालू आहे का, आणि पासवर्ड बदला. गावाचं नाव आणि १२३ असा पासवर्ड असेल तर आत्ता बदला, उद्या नको.

कोरेगावकर_नेट
रूल टाकले!! टीएक्स दोन मिनिटांत ९० वर, सीपीयू २८. शेड्युलर रिकामा निघाला. (पासवर्डबद्दल काही बोलत नाही, तुम्ही बरोबर ओळखलंत.) पेठेतल्या माणसाला मनातल्या मनात सॉरी म्हटलं.
पण आता विचारून ठेवतो, खरंच माझ्यावर आला तर? असाच ड्रॉप रूल?

मावळतीचा_सूर्य
नाही, तिथे ड्रॉप रूल कामाचा नाही. खंबाटकी घाट जाम झाल्यावर तुम्ही कोरेगावात फाटक लावून काय होणार, गाड्या घाटातच अडकल्यात. १ जीबीची लाइन तुमच्या राउटरच्या आधीच भरते, त्यामुळे अडवायचं ते वरच्याने. टॉर्चमध्ये सगळा मारा कुठल्या एका आयपीवर येतोय ते बघायचं आणि प्रोव्हायडरच्या एनओसीला (नेटवर्क सांभाळणाऱ्या टीमला) फोन करून तेवढा आयपी ब्लॅकहोल करायला, म्हणजे त्यावरचा सगळा ट्रॅफिक वरच फेकून द्यायला सांगायचं. स्वतःचा एएस नंबर (इंटरनेटवर आपल्या नेटवर्कचा स्वतंत्र नंबर) असेल तर बीजीपीमधून (नेटवर्क एकमेकांना रस्ते सांगतात तो प्रोटोकॉल) ६५५३५:६६६ ही कम्युनिटी (खुणेचा टॅग) लावून आपणच करता येतं, अर्थात वरच्याने ती मान्य केलेली असली पाहिजे. तो आयपी मरतो पण बाकीचं गाव चालू राहतं. म्हणून एकाच पब्लिक आयपीमागे पाचशे ग्राहक नॅट करून ठेवू नका, एक आयपी ब्लॅकहोल केला की पाचशे फोन.

आमच्याकडे गेल्या वर्षी मारा आला तो एका अकरावीतल्या पोरामुळे. गेममध्ये कोणाशी तरी वाजलं, समोरच्याने पैसे भरून बूटरवरून (भाड्याने डीडॉस करून देणारी साइट) त्याच्या आयपीवर फ्लड सोडला आणि अर्धा वॉर्ड बसला. अशा बूटरच्या १५ डोमेनना एफबीआयने २०१८ च्या डिसेंबरात टाळं लावलं होतं, तरी नवीन निघतातच.

रॅकवाला
आणि खरा हल्ला झाला तर सर्ट-इनला (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था) सहा तासांत कळवायचं असतं, २०२२ च्या आदेशात डॉस-डीडॉस स्पष्ट लिहिलंय, लॉग पण १८० दिवस ठेवायचे. आयएसपी म्हणजे तू पण त्यात आलास, ११०० कनेक्शन असली तरी.

कोरेगावकर_नेट
एनओसीचा नंबर माझ्याकडे नाहीच, फक्त सेल्सवाल्याचा आहे आणि तो सात नंतर उचलत नाही. उद्या सकाळी पहिलं ते काम.