हवेतला कार्बन वाढला तर समुद्रातल्या सूक्ष्मजीवांचं भलं होईल का?

रंकाळाकाठ: काल बांगडा घेताना शेजारचे काका म्हणाले, "कार्बन वाढला तर बरंच की! समुद्रातलं शेवाळ वाढंल, माशांना खायला मिळंल." मला हे अजिबात पटत नाही. हवेत दहा लाख भागांत 280 भाग कार्बन डायऑक्साइड होता, तो आता 420 च्या वर गेलाय. आपण सोडतो त्यातला साधारण पाव हिस्सा समुद्र पितो. घरी येऊन मुलीला प्यायच्या साध्या सोड्यात, ज्यात हाच वायू मुरवलेला असतो, निळा लिटमस बुडवून दाखवला. बघता बघता लालसर झाला. समुद्रात हेच चाललंय, फक्त फार सावकाश.

पंचगंगा_घाट: दादा, सोड्याची तुलना चुकतीय. समुद्राचा पीएच (आम्लतेचं माप, 7 च्या वर अल्कधर्मी) 8.2 वरनं 8.1 वर आलाय, म्हणजे पाणी अजून अल्कधर्मीच आहे. हरितगृहात तर हा वायू मुद्दाम सोडतात, पीक वाढतं. ट्रायकोडेस्मियम हा जिवाणू समुद्रात नायट्रोजन धरतो, भुईमुगाच्या मुळावरच्या गाठी धरतात तसा. प्रयोगशाळेत जादा कार्बनवर तो जोमानं वाढलाय. फुकटचं खत आहे ते.

रंकाळाकाठ: अल्कधर्मी आहे, मान्य. पण पीएचचं माप सरळ नसतं. 0.1 उतरला म्हणजे हायड्रोजन आयन पाव पटीनं वाढले. आणि ट्रायकोडेस्मियमला लोह लागतं. लोह कमी असलं की आम्लता वाढल्यावर त्याची वाढ उलट मंदावते, हेही प्रयोगांतच दिसलंय. उसाला नुसता युरिया टाकून पाणी तोडलं तर काय होतं, हे तुम्हाला मी सांगायला नको.

माहेर_मालवण: कोण वाढतंय ते बघा ना. कोकोलिथोफोर म्हणून एकपेशीय शैवाल असतं. सूक्ष्मदर्शकाखाली चेंडूवर बशा चिकटवल्यासारखं दिसतं, त्या बशा चुन्याच्या. पाण्यात कार्बन मुरला की चुन्याला लागणारं कार्बोनेट घटतं. आपल्या कोल्हापूरच्या रंकाळा तलावात सांडपाण्यानं हिरवा थर यायचा, तेव्हा वाढ भरपूरच होती. माशांना काय मिळालं? कारण वेगळं होतं, ठाऊक आहे. पण हिरवं दिसलं म्हणजे खाणं वाढलं, असं नाही.

पंचगंगा_घाट: ताई, जीव जुळवून घेतात. याच शैवालाच्या सुमारे 500 पिढ्या जादा कार्बनमध्ये वाढवल्या, तर चुना धरायची ताकद बरीच परत आली. वर्षभरातली गोष्ट.

माहेर_मालवण: बरीच आली, पूर्ण नाही. तेही काचेच्या भांड्यात, जिथं त्यांना खाणारं कोणी नव्हतं, ऊन-लाटा नव्हत्या. माझे भाऊ अजून होडी घेऊन जातात. त्यांच्या जाळ्यात काय येणार, ते त्या भांड्यावरनं मी तरी ठरवणार नाही.

पंचगंगा_घाट: हा मुद्दा मात्र सोडून देण्यासारखा नाही. लोहाचं पुन्हा वाचतो.