जीएनएस३ मध्ये २९०० ची इमेज
सातपूरला भंगारात मिळालेल्या सिस्कोच्या २९०० राउटरची आयओएस फाईल (म्हणजे इमेज, राउटरची ऑपरेटिंग सिस्टीम) जीएनएस३ मध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर नेटवर्क उभं करून बघायच्या सॉफ्टवेअरमध्ये, का चढत नाही असं एकाने विचारलंय, तर दादा ती चढणारच नाही, जीएनएस३ मधला राउटरची नक्कल करणारा प्रोग्राम डायनामिप्स १७००, २६००, ३६००, ३७०० न ७२०० एवढ्याच जुन्या हार्डवेअरची नक्कल करतं. फाईलचं नावच वाचा ना, उदाहरणार्थ ७२०० च्या फाईलला सुरुवातीला सी७२०० म्हणजे प्लॅटफॉर्म (कुठल्या राउटरची ते), मग फीचर सेट (कुठल्या सोयी आहेत ते), पुढे एमझेड, त्यातला एम म्हणजे रॅममधून चालते आणि झेड म्हणजे कॉम्प्रेस केलेली. स्विचिंगला आयओएसव्ही-एल२ ही सिस्कोची व्हर्च्युअल स्विचची इमेज बघा, ते क्यूएमयू या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या प्रोग्रामवर चालतं. आणि हो, आयडल-पीसी (राउटर रिकामा बसलाय हे डायनामिप्सला ओळखायला लागणारी व्हॅल्यू) काढाच, नाहीतर एकच राउटर प्रोसेसरचा अख्खा कोर खातो, नाशकातल्या एप्रिलमध्ये लॅपटॉपचा पार तवा होईल! इमेज बदलली की व्हॅल्यू परत काढायची, हुबेहूब तीच इमेज असेल तर मित्राचीही चालते.